पत्रिकेवर न छापलेली मैफल

२२ डिसेंबर १८०८. व्हिएन्नाच्या थिएटर आन डेअर वीन या नाट्यगृहात संध्याकाळी साडेसहाला बीथोव्हनने स्वतःच्या उत्पन्नासाठी एक कार्यक्रम मांडला, तो रात्री साडेदहाला संपला. पूर्वार्धात पॅस्टोरल सिंफनी, एक इटालियन गानप्रवेश, सी मेजर मासमधला 'ग्लोरिया' आणि चौथा पियानो कन्चेर्टो. उत्तरार्धात सी मायनरमधली सिंफनी, त्याच मासमधला 'साङ्क्टुस', बीथोव्हनचं पियानोवरचं उत्स्फूर्त वादन, आणि शेवटी पियानो, वाद्यवृंद व गायकवृंद सगळ्यांना एकत्र आणणारी कोरल फँटसी. बहुतेक सगळं नवं. त्यातलं आज जगाला तोंडपाठ असलेलंही त्या रात्री सभागृहातल्या बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकलं. कडाक्याची थंडी होती, तालमी अपुऱ्या होत्या, आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या नाट्यगृहात वादकांच्या विधवांसाठीच्या निधीचा कार्यक्रम असल्याने शहरातले चांगले वादक तिकडे गुंतले होते. कोरल फँटसी मध्येच कोसळली. बीथोव्हनने भर कार्यक्रमात वाद्यवृंद थांबवला आणि पुन्हा सुरू करायला लावला.

२०२० साली बीथोव्हनच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली, त्या निमित्ताने युरोप-अमेरिकेतल्या अनेक वाद्यवृंदांनी ही संध्याकाळ पुन्हा उभी केली. काहींचं प्रक्षेपणही झालं. कार्यक्रमपत्रिका शब्दशः तीच. सभागृह उबदार, वाद्यवृंद कसलेला, तालमी भरपूर. अमेरिकेत एका ठिकाणी तर दोन भागांच्या मध्ये चक्क जेवणाची सुट्टी होती. कोरल फँटसी मात्र कुठेच कोसळली नाही. कोसळवायची तरी कशी? मुद्दाम चुकणं हा अभिनय झाला, आणि वाद्यवृंद अभिनयाला बसलेला नसतो. मग ती जागा निवेदक भरून काढतो. मूळ श्रोत्याला जे प्रत्यक्ष सोसावं लागलं, ते आजच्या श्रोत्याला मध्यंतरात गोष्ट म्हणून मिळतं.

यात त्यांना हसण्यासारखं काही नाही. जुनी मैफल पुन्हा उभी करणाऱ्या प्रत्येकाची हीच गत होते. पत्रिका हाती लागते आणि मैफल सापडल्याचा भास होतो. पण पत्रिकेवर फक्त काय वाजलं तेवढंच असतं. कोणत्या पट्टीत, किती वेळ, कोणासमोर, किती ऐकू येत होतं, हे कोणीच छापत नाही. ऐकण्याची परिस्थिती हा मैफलीचा निम्मा भाग, आणि पुनर्निर्मितीत पहिली कात्री तिलाच लागते. उरलंसुरलं प्रक्षेपण कापतं.

कोल्हापुरात हा विषय सध्या नुसता पुस्तकी राहिलेला नाही. शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजेच आपलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तेव्हापासून नाट्यगृह पुन्हा बांधण्याची चर्चा होते आणि पाठोपाठ दुसरी चर्चा येतेच: उद्घाटनाला काय करायचं? उत्तरही ठरलेलं असतं. संयुक्त मानापमान.

ज्यांना संदर्भ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून 'मानापमान'चा प्रयोग केला. केशवराव भोसले नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. नाटक खाडिलकरांचं, चाली आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या, पहिला प्रयोग १९११ चा. १९२१ च्याच ऑक्टोबरात केशवराव गेले. वय जेमतेम एकतीस. त्यामुळे हा प्रयोग दंतकथा झाला आणि दंतकथेची पुनर्निर्मिती सर्वांत अवघड, कारण प्रत्येकाच्या मनात ती आधीच पूर्ण झालेली असते.

तरी करायचीच म्हटली तर सुरुवात कागदांपासून होते. जाहिरात, पत्रिका, वर्तमानपत्रातलं परीक्षण, कंपनीची हिशेबवही, नंतर लिहिलेल्या आठवणी आणि तबकड्या. यातली हिशेबवही सर्वांत कमी रंजक आणि सर्वांत भरवशाची. कोणत्या साथीदाराला किती दिले, पायपेटीची दुरुस्ती झाली का, सारंगीवाल्याचा प्रवासखर्च पडला का, दिवाबत्तीला काय लागलं, यावरून त्या रात्री प्रत्यक्ष कोणती वाद्यं होती आणि उजेड किती होता याचा अंदाज बांधता येतो. आठवणींचा उपयोग वेगळा. तीस वर्षांनी लिहिणाऱ्याला टाळ्या कुठे पडल्या ते नेमकं आठवतं, पण किती वाजले होते ते आठवत नाही. वन्स मोअरचे आकडे तर आठवणींत दर आवृत्तीला वाढतात.

तबकड्यांबाबत सगळ्यांत जास्त फसगत होते. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून गायक अस्ताई-अंतरा उरकून ताना पुढे ओढत. रंगभूमीवर तेच पद दहा-पंधरा मिनिटं चालत असे. तबकडीवरून पद बसवणारा गायक नकळत सारांश बसवतो आणि त्यालाच मूळ समजतो. दुसरी गोष्ट पट्टीची. 'अठ्ठ्याहत्तरची तबकडी' म्हणतात खरं, पण सुरुवातीच्या काळात यंत्राची गती काटेकोर नसे. ध्वनिमुद्रण मिनिटाला ७४ फेऱ्यांनी झालं असेल आणि आपण ती ७८ ने वाजवली, तर सूर जवळपास अर्ध्या स्वराने वर चढतो. पेटीच्या काळी एक पट्टीत गायलेलं पद तिच्या पुढच्या पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. गाणं चपळ वाटतं, आवाज पातळ वाटतो, आणि 'काय तडफ होती त्या काळी' असं आपण म्हणतो. तडफ होतीच, पण त्यातली काही मोटारची. तपासायचा एक उपाय म्हणजे साथीची पेटी ऐकणं. पेटीचे सूर ठरलेले असतात. तबकडीवर पेटी कोणत्याही पट्टीच्या अधेमधे लागत असेल तर गती चुकलेली आहे असं समजावं आणि पेटी जवळच्या पट्टीवर बसेपर्यंत गती कमी-जास्त करून पाहावी. मात्र तिथेही उत्तर दोन पट्ट्यांमध्ये फिरतं, कारण जुन्या पेट्या आजच्या ४४० कंपनांच्या मापाला बांधलेल्या असतीलच असं नाही.

अल्लादियाखाँसाहेबांच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिलेल्या, जयपूर-अत्रौली घराण्याला ज्यांच्यामुळे चेहरा मिळाला त्या गवयाची व्यावसायिक तबकडी नाही. खाँसाहेबांच्या मैफलीची पुनर्निर्मिती करायची म्हणजे शिष्यांच्या गाण्यातून उलट चालत जायचं. भुर्जीखाँ, मंजीखाँ, केसरबाई, मोगूबाई, पुढे मल्लिकार्जुन मन्सूर: प्रत्येकाने त्या गायकीतलं आपल्या गळ्याला झेपेल ते उचललं. या सगळ्यांत जे समान सापडतं तेवढंच गुरूचं धरावं हा ढोबळ नियम ठीक, पण असा मसावि काढून मैफल उभी राहत नाही. माझं मत विचाराल तर अशा गवयाच्या मैफलीचं 'पुनर्निर्माण' म्हणूच नये. त्या परंपरेतल्या एखाद्या गायकाला त्या काळच्या परिस्थितीत, म्हणजे विनामाईक, दोन तंबोरे, सारंगी, जाजम आणि दीडशे माणसं अशा बैठकीत गायला बसवावं आणि नाव साधं 'बैठक' द्यावं.

मानापमानची गोष्ट वेगळी. संहिता आहे, चाली आहेत, पदं रंगमंचावर गायली जात राहिली आहेत. पण इथेही एक सापळा आहे. धैर्यधराची पदं आज ज्या ढंगाने आपल्या कानात बसलेली आहेत तो ढंग बराचसा नंतरचा, मास्टर दीनानाथांचा. तो कितीही मोहक असला तरी १९२१ च्या प्रयोगातला नव्हे. नट-गायक जेव्हा 'पारंपरिक चाल' म्हणतो तेव्हा कोणाची परंपरा हे विचारावं. टेंब्यांनी १९११ साली बांधलेली चाल आणि नंतर लोकप्रिय झालेली चाल यांत फरक असेल तिथे कोणती घेतली ते पत्रिकेत एका ओळीत लिहावं. सगळा इतिहास कोंबायची गरज नाही, ओळ पुरे.

आता पट्टीचा खरा घोळ. १९२१ साली भामिनी आणि धैर्यधर दोघेही पुरुष. दोघांच्या पट्टीत अंतर असलं तरी फार नसे आणि ऑर्गनवाल्याला एका प्रवेशातून दुसऱ्यात जाताना थोडीच सरकासरकी करावी लागे. आज भामिनी बाई गाणार. तिची पट्टी काळी चार किंवा पाच, धैर्यधराची काळी एकच्या आसपास. काळी चार सोयीची, कारण तिचा षड्ज म्हणजे त्याचा पंचम. ऑर्गनवादकाचा कान हरवत नाही आणि एकाचं पद संपून दुसऱ्याचं सुरू होताना श्रोत्यालाही धक्का बसत नाही. काळी पाच घेतली तर तिचा षड्ज त्याच्या धैवतावर येतो आणि प्रत्येक वेळी नवा कार्यक्रम सुरू झाल्यासारखं वाटतं. गायिकेला काळी पाचच मानवत असेल तर धैर्यधराला काळी दोनला चढवून पाहावं. ते जमेना तर दोन पदांच्या मध्ये गद्य आहेच, त्याला पुरेसा अवकाश द्यावा. नाटकाचा वेळ वाचवण्यासाठी सगळ्यात आधी गद्य कापलं जातं, आणि मग पट्ट्या एकमेकींवर आदळतात. गद्य कापताना हा हिशेब कोणी करत नाही.

पट्टी दोन म्हणजे तबलेही दोन जोड्या, निदान दोन दाये, म्हणजे उजव्या हाताचे तबले. काळी एकचा दाया ओढून काळी चारला न्यायला गेलात तर पुडी फाटते किंवा शाई तडकते. एखाद्या सुराचा फरक गठ्ठे ठोकून निभावतो, त्यापुढे दुसरा दाया हवा.

आणि इथे तारखेचा प्रश्न येतो. पुनर्निर्मितीवाल्यांना तारीख प्यारी असते. ८ जुलै म्हणजे ८ जुलै. कोल्हापुरात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काय होतं ते पंचगंगेच्या पाण्याची पातळी रोज वाचणाऱ्यांना सांगायला नको. हवेत ओल असली की तबल्याची पुडी सैल पडते, सूर उतरतो, आणि दर पदानंतर हातोडी बाहेर येते. मग सभागृहातले दिवे लागले, पंखे लागले, माणसांची ऊब आली की तोच दाया वर चढतो. तंबोऱ्याच्या लाकडी खुंट्या फुगून बसतात, पिळल्या तर हलत नाहीत, हलल्या तर एकदम घसरतात. सारंगीच्या तातेची अवस्था त्याहून वाईट. आतड्याची तात ओल पिते आणि तीन मुख्य तारा तीन दिशांना जातात, खालच्या तीसेक तरफा तेव्हा कोणाच्या बाजूने बोलायचं याच संभ्रमात. तारखेचा हट्ट धरायचाच तर वाद्यं दोन दिवस आधी सभागृहातच आणून ठेवावीत, म्हणजे ती तिथल्या हवेला सरावतात. तंबोऱ्याला नवीन तारा चढवायच्या तर किमान तीन दिवस आधी. नवी तार ताणत राहते आणि पहिल्या दिवशी दर दहा मिनिटांनी उतरते. तारा बदलल्या की जवारी, म्हणजे तार जिथे टेकते त्या घोडीचा घोटलेला पृष्ठभाग, पुन्हा तपासावी लागते. मिरज पन्नास किलोमीटरवर आहे, तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं गाव शेजारी असताना आदल्या रात्री दोऱ्याने जीव शोधत बसण्याची वेळ कोणावर यायला नको. तरी येते.

व्हिएन्नाच्या थंडीचं आकर्षण मला समजतं. पण पुनर्निर्मितीत थंडी कोणी आणत नाही आणि पाऊस कोणी टाळत नाही. तारीख महत्त्वाची की परिस्थिती, याचा निर्णय करताना परिस्थितीच्या बाजूने कौल द्यावा आणि प्रयोग डिसेंबरात करावा असं माझं मत आहे. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजावर कोणताही ध्वनिमुद्रक मात करू शकत नाही.

विनामाईक करायचं की नाही, हा पुढचा वाद. १९२१ साली मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला गळ्याशिवाय काही नव्हतं. त्यासाठी आकार मोकळा, शब्दांची फेक पुढे, शब्द संपताना श्वास टिकवून ठेवणं, आणि तोंड नेहमी प्रेक्षकांकडे. आजचा गायक माईकला गातो. त्याला कुजबुजीतही दाद मिळवता येते आणि त्यात कमीपणा काही नाही. पण त्याला एकाएकी माईक काढून उभं केलं तर पहिल्या अंकात तो ओरडतो आणि दुसऱ्या अंकात बसतो. विनामाईक गाण्याची तयारी काही महिन्यांची असते. रोज मोकळ्या जागेत, वीस-पंचवीस मीटरवर कोणाला तरी उभं करून शब्द कळतात का हे विचारायचं. सूर पोचतो, शब्द पोचत नाहीत, हे तेव्हाच कळतं.

सभागृहानेही साथ द्यावी लागते. नाटक-गाणं विनामाईक चालायचं तर प्रतिध्वनी विरण्याचा काळ एक सेकंदाच्या आगेमागे, फार तर सव्वा. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला आवडतो तो दोन सेकंदांचा काळ इथे दिला तर तानेचे सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. रिकाम्या सभागृहात टाळी वाजवून 'झकास घुमतंय' म्हणणाऱ्यांना माणसं शोषक असतात हे आठवत नाही. लाकडी खुर्च्यांचं सभागृह रिकामं असताना घुमतं आणि भरलं की कोरडं पडतं. गादीच्या खुर्च्या रिकाम्या असतानाही जवळजवळ माणसाइतकाच आवाज शोषतात, म्हणून तालमीत जे ऐकू आलं तेच प्रयोगात येतं. नव्याने बांधकाम करताना या एका गोष्टीवर भांडण काढायला हरकत नाही. बैठकीच्या मैफलीत मात्र जाड जाजम आणि लोड सगळ्या बाजूंनी टाकले तर आवाज मरतो. गायकासमोरची चार-पाच हात फरशी उघडी ठेवावी, तिच्यावरून आवाज परतून श्रोत्यांपर्यंत जातो.

पंखे बंद. याला तडजोड नाही. छताचा पंखा फिरताना आवाजाला कापतो, आणि लांबलेल्या षड्जावर एक बारीक थरथर येते. ऐकणाऱ्याला वाटतं गायकाचा आवाज हलतोय.

वेळेचं काय? संगीत नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले, म्हणून शेवटच्या पदांना पहाटेचे राग शोभत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक एरवी लावू देत नाहीत. बंदिस्त सभागृहाला त्यातून सूट आहे. म्हणजे मोकळ्या मैदानातली मैफल दहाला गुंडाळावी लागते, तिथे मध्यरात्रीचा राग आठला गातात आणि श्रोत्यांनी डोळे मिटून रात्र झाल्याचं मानायचं असतं. बंदिस्त नाट्यगृहात रात्रभराचा प्रयोग आजही कायद्याने अशक्य नाही, अशक्य असतं ते व्यवस्थापनाच्या पाळीमुळे. पाळीचे पैसे दुप्पट मोजले की तेही सुटतं. पैसे कमी असतील तर तीन तासांची आवृत्ती करावी, पण ती 'निवडक मानापमान' या नावाने.

इथवर सभागृहातलं. प्रक्षेपणाची गोष्ट निराळी, कारण तिथे ऐकणारा गादीवर लोळत असतो, मध्येच कुकरची शिट्टी होते, आणि कानात दोनशे रुपयांचे बोळे असतात.

रेडिओने हे आधीच एकदा केलेलं आहे. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला आणि घराघरात दीड तासाची मैफल गेली. मैफलीची मोजपट्टी घड्याळ झाली ती तिथे. एक तपशील पुनर्निर्मितीवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे: १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनिअमला बंदी होती. म्हणून १९५० च्या दशकातल्या रेडिओ-मैफलीची पुनर्निर्मिती करताना पेटी ठेवली तर ती चूक, सारंगी किंवा व्हायोलिन हवं. आणि त्याच दशकातल्या खाजगी बैठकीच्या पुनर्निर्मितीत पेटी नसली तरी शंका घ्यावी. एकाच गवयाच्या एकाच वर्षातल्या दोन मैफली, दोन वेगळ्या साथी.

मुद्रण करताना माईकची मांडणी अशी ठेवावी. एक मुख्य जोडी, सतरा सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशांच्या कोनात, गायकासमोर अडीच मीटरवर आणि जमिनीपासून दोन मीटर उंचीवर. या जोडीत गायक, तबला, सारंगी, तंबोरे आणि सभागृह हे सगळं आपापल्या अंतराने येतं. मैफल ऐकल्यासारखं वाटतं ते या जोडीमुळे. जवळचे माईक हवेत, पण ते मुख्य जोडीपेक्षा दहा-बारा डेसिबल खाली, आणि मुख्य जोडीपासूनच्या दर मीटरमागे तीन मिलिसेकंद उशीर देऊन. उशीर दिला नाही तर तबल्याची एक थाप दोनदा पोचते आणि थाप पसरट होते. नेहमी घडतं ते याच्या उलट: जवळचे माईक वर, मुख्य जोडी जवळपास बंद. आवाज स्वच्छ येतो, पण गायक आणि तबलजी दोन वेगळ्या खोल्यांत बसल्यासारखे वाटतात. वर त्याला कृत्रिम प्रतिध्वनी लावला की देऊळ झालं. जुन्या मैफलीच्या नावाने कधीही अस्तित्वात नसलेलं देऊळ.

तंबोऱ्याशी फोनचं शत्रुत्व असतं. ऑनलाइन मीटिंगच्या अॅपमध्ये आणि फोनमध्ये पार्श्वभूमीचा आवाज पुसण्याची सोय असते. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं तिचं गणित. तंबोरा एकसारखा चालतो, सबब पुसला जातो. गायक श्वास घेतो तेव्हा पोकळी, गातो तेव्हा तंबोऱ्याचा एक तुकडा, पुन्हा पोकळी. ही सोय प्रत्येक यंत्रात शोधून बंद करावी, मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याचा पर्याय निवडावा. आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोयही बंद, नाहीतर आलापातल्या शांततेत ती पातळी वर नेते आणि खुर्च्यांची करकर सुरांच्या बरोबरीला येते.

पातळीचंच पुढे. दूरचित्रवाणीचं युरोपीय माप उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं एकक), इंटरनेटवर सर्वसाधारणपणे उणे १४ धरतात. मधल्या नऊ डेसिबलांसाठी मिश्रण करणारे तबल्याच्या थापा दाबून सगळं वर उचलतात, आणि विलंबित आलाप व द्रुत तान सारख्याच उंचीच्या होतात. ही चूक सहज टाळता येते. यूट्यूब मोठा आवाज कमी करतं, लहान वाढवत नाही. म्हणून उणे २० च्या आसपास ठेवून द्यावं, सर्वोच्च टोक उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, आणि ऐकणाऱ्याला बटण फिरवू द्यावं. तेवढे कष्ट त्याने घ्यावेत.

चित्राबाबत एकच आग्रह. कॅमेरा बदलणाऱ्याला ताल मोजता आला पाहिजे. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, दोन मात्रा आधी चेहऱ्यावर जाऊन समेला तबल्यावर उडी मारणारे कॅमेरे पाहिले की विलंबित एकतालाची कीव येते. दोन आवर्तनांत एक बदल पुरे, तोही समेनंतर. गायकाचा हात नेहमी चौकटीत असावा. जुन्या श्रोत्याला गायकाचा हात दिसत होता आणि तान कुठे चालली आहे ते त्याला हातावरून आधी कळत होतं. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर कॅमेऱ्याकडून चित्र उशिरा येत आहे असं समजावं. तो उशीर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या आसपास असतो, टाळी वाजवून मोजावा आणि आवाजाला तेवढाच द्यावा. नेट दोन वेगळ्या मार्गांनी आणावं, केबलचं एक आणि मोबाइलचं एक, आणि पाठवण्याची क्षमता चित्र-आवाजाच्या एकूण गरजेच्या दुप्पट हवी. सभागृहातच वेगळं मुद्रण चालू असावं, म्हणजे नेट तुटलं तरी मैफल राहते.

परवानगीची भीती अनाठायी असते. आपल्या कायद्यात लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. खाडिलकर १९४८ साली गेले, टेंबे १९५५ साली. संहिता आणि मूळ चाली दोन्ही आता मोकळ्या आहेत. मोकळी नाहीत ती नंतरची ध्वनिमुद्रणं. यूट्यूबच्या यंत्राला पद ओळखीचं वाटून कोणाच्या तरी मुद्रणाशी ते जुळवण्याची शक्यता असते, तेव्हा थेट प्रक्षेपणाआधी तालमीचा एक तुकडा खाजगी चढवून पाहावा. दावा आला तर उत्तर द्यायला वेळ मिळतो.

निवेदनावर शेवटी. निवेदकाला सगळं सांगायचं असतं. १९२१ च्या प्रेक्षकाला राग कोणता हे कोणी सांगितलं नव्हतं, तो भामिनीच्या रागावर आला होता. पडद्यावर रागाचं नाव, ताल, मूळ गायक, चालीचा इतिहास अशी पट्टी धावली की डोळे वाचतात आणि कान थांबतात. माहिती प्रयोगाआधी पंधरा मिनिटांत सांगावी, त्यात काय बदललं तेही सांगावं: भामिनी बाई आहे, प्रयोग डिसेंबरात आहे, अमुक पदं गाळली, अमुक चाल नंतरची. मग पडदा उघडला की निवेदकाने उठून घरी जावं.

आणि वन्स मोअर. प्रक्षेपणाची वेळ ठरवताना यासाठी अर्धा तास राखून ठेवावा आणि तो पत्रिकेवर छापू नये. छापला तर प्रेक्षक तो मिळायचाच म्हणून मागतात. न छापता वन्स मोअर आला तर ऑर्गनवाल्याने धैर्यधराकडे पाहावं, धैर्यधराने मान हलवली तर पद पुन्हा सुरू. नियंत्रण कक्षात बसलेल्याने त्या वेळी घड्याळाकडे बोट दाखवू नये, पुढच्या कार्यक्रमाला फोन करून दहा मिनिटं मागून घ्यावीत.